किक, ढोल आणि बेस: साइडचेनचा रिलीज ठेक्याप्रमाणे कसा बसवायचा

वडोदऱ्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे. तो लॅपटॉपवर नवरात्रातल्या गरब्यासाठी आणि गणपतीच्या मिरवणुकीसाठी इलेक्ट्रॉनिक ट्रॅक तयार करतो. हेडफोनवर किक (ड्रमचा खालचा दणका) आणि बेस दोन्ही छान ऐकू येतात, मैदानावरच्या साउंडवर मात्र खालचा सगळा भाग नुसता गुरगुरतो. कोणीतरी सुचवलं म्हणून त्याने बेसवर साइडचेन कम्प्रेशन, म्हणजे किक पडली की बेस आपोआप दबेल अशी सोय, लावलं. चार-चारच्या सरळ ट्रॅकमध्ये फरक पडला, पण हींचच्या, म्हणजे गरब्याच्या तीन-तीन मात्रांच्या, ठेक्यावरचं गाणं अडखळायला लागलं आणि ढोलाचा घुमारा गेला. थ्रेशोल्ड किती ठेवायचा, रेशो किती, आणि तयार प्रीसेटने असं का होतं, हे त्याला हवं आहे.

कॉलेजात आहेस म्हणून एकेरीत लिहितो. आकडे देतोच, पण त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घे. थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबणं सुरू होतं ती) आणि रेशो (किती जोराने दाबायचं ते) मिळून बेस किती खाली जाणार ते ठरतं. तो परत वर केव्हा येणार ते रिलीजवर असतं, आणि नाचणाऱ्याच्या पायाला जाणवतं ते हे वर येणं. तुझी हींच अडखळते ती रिलीजमुळे. ढोलाचा घुमारा गेला तो ट्रिगर, म्हणजे बेसला दाबायला लावणारा आवाज, चुकीचा धरल्यामुळे. थ्रेशोल्ड कितीही फिरवलास तरी हे दोन्ही सुटणार नाहीत.

कम्प्रेसर म्हणजे आवाजाची पातळी आपोआप दाबणारं साधन. त्यात दोन वाटा असतात. एका वाटेने आवाज जातो आणि त्याची पातळी कमी-जास्त होते. दुसऱ्या वाटेवर डिटेक्टर बसलेला असतो, तो फक्त ऐकतो आणि पातळी किती कमी करायची ते सांगतो. साधारणपणे दोन्ही वाटांवर एकच आवाज असतो. डिटेक्टरला दुसराच आवाज ऐकवला, म्हणजे बेसवरच्या कम्प्रेसरला किक ऐकवली, की झालं साइडचेन. रेडिओवर निवेदक बोलायला लागला की मागचं संगीत आपोआप खाली जातं, तीही हीच युक्ती. नव्वदच्या दशकात फ्रेंच हाउसवाल्यांनी, त्यातही डाफ्ट पंकने, अलेसिस ३६३० सारख्या स्वस्त कम्प्रेसरवर अख्खा ट्रॅक किकबरोबर श्वास घेतो आहे असा परिणाम उघडपणे वापरला आणि तिथून तो नृत्यसंगीतात सगळीकडे गेला. म्हणजे कामं दोन आहेत: किकसाठी जागा करून देणं आणि ऐकू येईल असा हेलकावा तयार करणं. दोन्हींची सेटिंग वेगळी असते, आणि तू आधी ठरवायला हवं की तुला कोणतं काम करून घ्यायचं आहे.

आता मैदानावर गुरगुर का होते ते बघू. किक आणि बेस दोन्ही −६ डीबीवर आहेत, दोन्हींचा खर्ज ५० हर्ट्झच्या आसपास आहे आणि फेज जुळली, म्हणजे दोन्ही लाटा एकाच वेळी वर-खाली झाल्या, तर बेरीज थेट शून्यावर, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेवर, जाते. मास्टरवरचा, म्हणजे शेवटच्या एकत्र आवाजावरचा, लिमिटर ती पकडतो आणि प्रत्येक ठोक्याला गायकासकट सगळं दाबतो. फेज उलटी पडली तर उलट होतं: किकचा दणकाच जातो, तोही काही ठोक्यांवर जातो आणि काहींवर नाही. हेडफोनमध्ये स्पीकर कानाशी असतो, खोलीचा परिणाम नसतो, म्हणून हे लपतं. मैदानात सब-वूफर बहुधा एकत्र मोनोवर चालतात, आणि स्पीकरचे ढीग स्टेजच्या दोन्ही बाजूंना, कधी कधी मैदानाच्या मध्यातही असतात. आवाजाला ३५ मीटर कापायला साधारण १०० मिलिसेकंद लागतात. एका ढिगापासून २० मीटरवर आणि दुसऱ्यापासून ५५ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तीच किक १०० मिलिसेकंदांच्या अंतराने दोनदा येते. मधल्या काळात बेस सलग वाजत राहिला तर त्याला ठोका कुठून कुठपर्यंत आहे ते कळणार कसं? घरी तू बेसला ३० मिलिसेकंदांची फट दिलीस, ती हेडफोनवर स्वच्छ लागते, पण मैदानात ती भरून जाते. मैदानासाठीचा बेस घरी थोडा जास्तच तुटक वाटला पाहिजे. हा माझा ठाम आग्रह आहे.

साइडचेन लावण्याआधी तीन गोष्टी तपास, कारण अनेकदा दुखणं तिथेच सुटतं. पहिली, किकची लांबी. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) एक ठोका ४६८.७५ मिलिसेकंदांचा असतो. तुझ्या किकची शेपूट ४०० मिलिसेकंद चालत असेल तर बेसला जागा उरलीच कुठे? ती २०० च्या आत कापून बघ. दुसरी, सूर. किकचा खर्ज आणि बेसचा मूळ स्वर शेजारी-शेजारी पण वेगळे असतील, समज किक ४६ हर्ट्झवर आणि बेसचा एफ ४३.६५ वर, तर दोन्ही एकत्र वाजताना डगमग ऐकू येते. किक त्या स्वरावर तरी आण, नाहीतर चांगली लांब ने. तिसरी, फेज. बेसची पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे लाट वरची खाली फिरवून, ऐक. ज्या बाजूला किक भरदार लागते ती ठेव. हे करूनही गोंधळ राहिला तर पुढे जा. आणि बेस फक्त ऑफबीटवर असेल, म्हणजे दोन किकच्या बरोबर मध्ये, तर बहुतेक वेळा साइडचेनची गरजच पडत नाही. सायट्रान्समध्ये तर किकनंतर सोळाव्या भागाचे तीन बेस येतात, १४२ बीपीएमला तो एक भाग जेमतेम १०६ मिलिसेकंदांचा. तिथे किक छोटी ठेवणं हाच खरा इलाज.

आधी सरळ ट्रॅक घेऊ. १२८ बीपीएम, प्रत्येक ठोक्याला किक, खाली लांब सलग बेस. बेसवर कम्प्रेसर, डिटेक्टरला किक. रेशो ४ ला १, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २ ते ३ मिलिसेकंद, आणि थ्रेशोल्ड खाली आणत आणत गेन रिडक्शनचा (बेस किती दबला ते दाखवणारा) काटा किकच्या वेळी ५-६ डीबी दाखवेल तिथे थांब. फक्त जागा करून द्यायची असेल तर इतकं पुरे. हेलकावा ऐकू यायला हवा असेल तर १० ते १२ डीबीपर्यंत जा आणि रेशो ८ किंवा त्याहून वर ने. अटॅक अगदी ०.१ मिलिसेकंदावर नेऊ नकोस. ५० हर्ट्झच्या एका लाटेलाच २० मिलिसेकंद लागतात. ती मध्येच चटकन दाबली तर लाट तुटते आणि टिक् असा आवाज येतो. अनेकजण ती टिक् किकमधली समजून किकवर इक्यू मारत बसतात. बेस एकटा ऐकलास की कळेल.

रिलीज फार छोटा केलास, २०-३० मिलिसेकंदांचा, तर दुसरा त्रास होतो. डिटेक्टर किकच्या प्रत्येक लाटेबरोबर खालीवर व्हायला लागतो आणि बेस खरखरतो. म्हणून खालच्या स्वरांवर रिलीज ८० च्या खाली मी सहसा नेत नाही.

मग रिलीज किती? १२८ ला ऑफबीट २३४ मिलिसेकंदांवर पडतो. बेस त्या क्षणी पूर्ण वर आलेला असेल तर ट्रॅक पुढे ढकलला जातो. तो अजून वर येतच असेल आणि पुढच्या किकच्या तोंडाशी जाऊन पोचत असेल तर ट्रॅक जड, आळसावलेला वाटतो. दोन्ही चालतात, पण कोणता हवा ते ठरवून कर. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सोडलास तर नाचणाऱ्याला पाय टाकायला नेमकी जागा मिळत नाही.

रिलीजच्या बटणावर २३० लिहिलं म्हणजे बेस २३० मिलिसेकंदांनी वर येईल, असं मात्र समजू नकोस. यात दोन गोष्टी लपलेल्या असतात. एक, निरनिराळे कम्प्रेसर रिलीजचा आकडा निरनिराळ्या अर्थाने देतात. एकाचा १५० दुसऱ्याच्या १५० सारखा वागत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: डिटेक्टरवरचा आवाज थ्रेशोल्डच्या खाली गेल्याशिवाय बेस पूर्ण वर येऊच शकत नाही. तुझी किक १४० मिलिसेकंद थ्रेशोल्डच्या वर राहत असेल, तर पूर्ण वर येण्याचं घड्याळ साधारण १४० नंतरच चालू होतं. १५० चा रिलीज लावलास की बेस २९० च्या आसपास वर येतो आणि ऑफबीट हुकतो. किकचा नमुना बदललास, लांब शेपटीची किक घेतलीस, की कम्प्रेसरला हात न लावताही सगळी चाल बदलते. तुझ्या एका ट्रॅकमध्ये जमलेलं सेटिंग दुसऱ्यात का जमत नाही, त्याचं कारण हे.

हे डोळ्यांनी बघता येतं, आणि एकदा तरी बघच. बेसच्या ट्रॅकवर बेसऐवजी सलग एक हजार हर्ट्झचा साइन टोन ठेव. कम्प्रेसर आहे तसाच, किक आहे तशीच. तो ट्रॅक चार ठोके रेंडर कर आणि वेव्हफॉर्म मोठा करून ग्रिडवर बघ. सरळ पट्टीसारखा दिसायला हवा होता तो टोन, त्याच्यात प्रत्येक किकला खळगा पडलेला दिसेल. खळगा किती मिलिसेकंदांनी सुरू झाला, तळाला किती वेळ राहिला, वर येताना रेघ सरळ आहे की आधी चटकन आणि मग रेंगाळत, आणि पूर्ण वर नेमका कुठल्या रेघेवर आला, हे सगळं समोर असतं. रिलीज बदल, पुन्हा रेंडर कर, शेजारी ठेव. तीन-चार वेळा असं केलं की कानाला जे वाटत होतं आणि खरं जे घडत होतं त्यांची गाठ पडते. बेसवर हे दिसत नाही, कारण बेसची स्वतःची लाट लांब असते आणि स्वरही कमी-जास्त होत असतात.

किकच्या शेपटीचा त्रास घालवायचा तर डिटेक्टरला खरी किक ऐकवूच नकोस. एक वेगळा ट्रॅक कर, त्यावर ३०-४० मिलिसेकंदांचा छोटा, खणखणीत ठोका ठेव, त्याचं आउटपुट मास्टरला जाऊ देऊ नकोस, आणि तोच फक्त डिटेक्टरला दे. याला सगळे घोस्ट ट्रिगर म्हणतात. किक कुठलीही वापर, तिची पातळी कमी-जास्त कर, तिच्यावर डिस्टॉर्शन लाव, बेसची चाल बदलत नाही. मधल्या शांत भागात किक थांबली तरी पॅडचा हेलकावा चालू ठेवता येतो. किक ठोक्याच्या आधी पाच-दहा मिलिसेकंद बेस खाली जायला हवा असेल तर घोस्ट तेवढा आधी सरकवायचा, लुकअहेडची (कम्प्रेसरने आवाज थोडा आधीच बघून ठेवण्याची) गरज नाही.

आता तुझी हींच. सरळ ट्रॅकमध्ये एका ठोक्याचे दोन आणि चार भाग होतात. हींचमध्ये एका मोठ्या ठोक्याचे तीन भाग होतात. समज मोठे ठोके मिनिटाला १०० पडताहेत. एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, प्रत्येक मात्रा २०० ची. म्हणजे बेस वर येण्याच्या नैसर्गिक जागा दोनच: २०० आणि ४००. तू वापरलेला प्रीसेट मात्र चार-चारसाठी बनवलेला. तो बेसला अर्ध्या ठोक्यावर, म्हणजे ३०० मिलिसेकंदांवर पूर्ण वर आणतो. ३०० वर हींचमध्ये काहीच नाही. ढोल २०० वर बोलतो, मंजिरा ४०० वर बोलतो आणि बेस त्या दोघांच्या बरोबर मध्ये उसळी मारतो. कान एक ठेका ऐकतो आणि छातीला दुसरा बसतो. तू ज्याला अडखळणं म्हणतोस ते हेच.

बेस २०० वर आणलास तर चाल धावती होते. गरबा चढत गेल्यावर, शेवटच्या द्रुत भागात हे चांगलं लागतं. ४०० वर आणलास तर प्रत्येक ठोक्याआधी एक झोल मिळतो. बे तालीत, म्हणजे दोन टाळ्यांच्या गरब्यात, वळून पाऊल टाकताना अंगाला जो झोका लागतो, त्याच्याशी हा झोल बरोबर जुळतो, म्हणून मध्यलयीतल्या पारंपरिक गरब्याला मी बहुधा ४०० धरतो. लय बदलली की आकडे बदलतात: ६०,००० ला मोठ्या ठोक्यांच्या संख्येने भाग, आलेल्या उत्तराचे तीन भाग कर. १२० ला ५०० चे तीन भाग, १६७ आणि ३३३. रात्र चढते तशी गरब्याची लय चढते, तेव्हा रिलीज सुरुवातीच्या लयीवर ठेवून चालत नाही. लय बदलेल तिथे रिलीज ऑटोमेट कर, म्हणजे तो आपोआप बदलेल असा लिहून ठेव.

एक्सफरचं एलएफओ टूल किंवा केबलगाइजचं किकस्टार्ट यांसारखी प्लगइन डिटेक्टरऐवजी काढून ठेवलेल्या वक्राने आवाज खालीवर करतात. सरळ ट्रॅकला ती उत्तम, कारण वक्र तुझ्या हातात असतो आणि किकच्या शेपटीचा प्रश्नच येत नाही. हींचसाठी वापरायची तर ग्रिड तिनाचा लाव आणि वक्राची टोकं एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांशवर आण. पण प्रत्यक्ष वाजवलेला ढोल असेल तर ही प्लगइन बाजूला ठेव. ती सहसा होस्टच्या, म्हणजे तुझ्या सॉफ्टवेअरच्या, घड्याळावर चालतात, आणि ढोलिया घड्याळावर वाजवत नाही. तो समेवर किंचित आधी येतो, तिसरी मात्रा ओढतो. ती ओढ म्हणजेच त्या ठेक्याची जान आहे. तिथे ट्रिगर त्याच्याच हातातून यायला हवा.

इथे तुझ्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो. ढोलाचा घुमारा कसा गेला? मला वाटतं, तू किक आणि ढोल एकाच ड्रम-बसवर, म्हणजे एकत्र वाटेवर, घेतलेस आणि तोच बस डिटेक्टरला दिलास, किंवा बेस आणि ढोल दोन्ही किकखाली दाबलेस. पहिल्या प्रकारात काठीची प्रत्येक चाटी बेसला दाबते. बेस सतत खालीच राहतो, आणि खर्जाचा आधार गेला की ढोल कोरडा, डब्यासारखा लागतो. दुसऱ्या प्रकारात तर ढोलच मारला जातो. गरब्यात ढोल हा मालक आहे. इलेक्ट्रॉनिक किक त्याच्या खाली भर घालायला आहे. त्यामुळे क्रम असा लाव: ढोलाच्या खर्जाच्या थापेला बेस वाट देतो, किक आणि थाप एकत्र पडत असतील तर किकही २-३ डीबी वाट देते, ढोल कोणालाच वाट देत नाही.

त्यासाठी ढोलाच्या दोन बाजू वेगळ्या हव्यात. रेकॉर्डिंग स्वतः करत असशील तर दोन्ही पुड्यांना वेगळे माइक लाव. ढोल वाजवणारा शोधायला लांब जायला नको. सुरसागरसमोर संगीत महाविद्यालय आहे, १८८६ साली सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेची ती परंपरा आहे, तिथे तालवाद्य शिकणारी तुझ्याच वयाची मुलं भेटतील. नवरात्राच्या दोन महिने आधी गाठ, नंतर कोणी मोकळं सापडत नाही. रेकॉर्डिंग स्टीरिओ एकत्रच मिळालं असेल तर डिटेक्टरच्या वाटेवर फिल्टर लाव. बऱ्याच कम्प्रेसरमध्ये साइडचेनच्या भागात इक्यू असतो, एबलटनच्या कम्प्रेसरमध्येही आहे. १२० हर्ट्झच्या वरचं कापून टाक, म्हणजे डिटेक्टरला फक्त खर्जाची थाप ऐकू येईल आणि काठीची चाटी ऐकू येणार नाही. थापेचा खर्ज बहुतेक ढोलांवर ६० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी असतो. अ‍ॅनालायझरवर बघून घे. हा फिल्टर ढोलाच्या आवाजाला लागत नाही, फक्त डिटेक्टरच्या कानाला लागतो, म्हणून बिनधास्त काप.

सगळ्या थापा सारख्या जोराच्या नसतात. हलक्या थापेला बेस थोडाच दबेल, जोराच्या थापेला जास्त. गरब्यात मला हे आवडतं, ते तसंच राहू दे. एखादी थाप थ्रेशोल्डपर्यंत पोचतच नसेल आणि तिथे बेस मध्ये येत असेल, तर ढोलाच्या वेव्हफॉर्मवर बघून त्या थापांखाली हाताने मिडी नोट ठेव आणि तिथला ट्रिगर घोस्टवरून दे. वेळ लागतो, पण अडीच-तीन मिनिटांच्या ट्रॅकमध्ये अशा जागा थोड्याच निघतात.

आणखी एक गोष्ट जिने मिक्समध्ये मोठा फरक पडतो. अख्खा बेस दाबू नकोस. बेसचा ट्रॅक दोनदा घे. एकावर १२० हर्ट्झच्या खालचा भाग, दुसऱ्यावर वरचा. साइडचेन फक्त खालच्यावर. किकशी भांडण तिथेच आहे. वरचा भाग, ज्यात स्वराची ओळख असते, तो सलग राहतो, त्यामुळे बेस मोबाइलच्या स्पीकरवरही तुटल्यासारखा लागत नाही, आणि मैदानात सबला मात्र पाहिजे ती फट मिळते. बाहेरचा ट्रिगर घेऊ शकणारा डायनॅमिक इक्यू असेल तर एकाच प्लगइनमध्ये हे होतं, पण दोन ट्रॅकची पद्धत फुकट आहे आणि तितकीच चांगली आहे. विभागताना दोन्ही फिल्टर एकाच प्रकारचे, एकाच उताराचे ठेव. जोडावर फेज बिघडली तर बेस पोकळ होतो.

गायकाच्या बाबतीत साइडचेनचा जो उपयोग आहे तो फारसं कोणी करत नाही, पण गरब्याला तो फार उपयोगी आहे. गवडावणारा, म्हणजे मुख्य गायक, ओळ म्हणतो, बाकीचे झीलतात, म्हणजे ती मागून म्हणतात. गायकाला मोठा रिव्हर्ब हवा असतो आणि मोठ्या रिव्हर्बमध्ये शब्द बुडतात. रिव्हर्बच्या रिटर्नवर (फक्त रिव्हर्बचा आवाज येतो त्या चॅनेलवर) कम्प्रेसर लाव आणि डिटेक्टरला गायकाचाच कोरडा आवाज दे. तो गात असताना रिव्हर्ब ५-६ डीबी दबलेला राहतो, ओळ संपली की फुलतो. पण झीलणारे लगेच ओळ उचलतात, तेव्हा डिटेक्टरला गायक आणि कोरस दोन्हींचा बस दे, नाहीतर फुललेला रिव्हर्ब त्यांच्या पहिल्या शब्दावर चढेल. इथे अटॅक १०-१५ मिलिसेकंद आणि रिलीज ३००-४०० चालतो. खर्ज नसल्याने टिक् होण्याची भीती नाही.

सॉफ्टवेअरचं पटकन सांगतो. एफएल स्टुडिओत मिक्सरमध्ये किकचा ट्रॅक निवड, बेसच्या ट्रॅकखालच्या बाणावर उजवं क्लिक करून त्याच ट्रॅकला साइडचेन कर, मग बेसवर फ्रूटी लिमिटर उघडून कॉम्प या भागात साइडचेनचा आकडा १ कर. एबलटनमध्ये कम्प्रेसरचा छोटा त्रिकोण उघडून साइडचेन चालू कर आणि ट्रॅक निवड. तिथे सिग्नल फेडरच्या आधीचा घे, म्हणजे किकचा फेडर हलवला तरी साइडचेनची खोली बदलत नाही. लॉजिकमध्ये प्लगइनच्या खिडकीत उजवीकडे वरच साइडचेनचा मेन्यू आहे. रीपरमध्ये किकचा सेंड बेसच्या ३-४ चॅनेलवर पाठव आणि रीकॉम्पला डिटेक्टर म्हणून ऑक्झिलरी इनपुट दाखव. कुठेही ऑटो-गेन किंवा मेकअप चालू असेल तर बंद कर. तो बेस मोठा करतो, आणि मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो. साइडचेनने खरंच फरक पडला की नाही ते कळत नाही.

गणपतीच्या मिरवणुकीच्या ट्रॅकसाठी हिशेब वेगळा ठेव. तिथे लोक चालत्या गाडीच्या जवळ असतात, दोन्ही बाजूंना भिंती, दांडिया बाजारच्या रस्त्यावर आवाज लगेच परत येतो. बहुतेक ट्रॅक चार-चारचे असतात, तेव्हा सरळ पद्धत लागू पडते. पण वरून ताशा असेल तर ताशा डिटेक्टरमध्ये चुकूनही जाऊ देऊ नकोस. त्याच्या सलग तडतडीने बेस कधीच वर येणार नाही.

स्टेजवर प्रत्यक्ष वाजवायचं असेल तर: ऑक्टापॅडवाला किक वाजवतो आणि लॅपटॉपवरून बेस येतो, असं असेल तर ऑक्टापॅडची मिडी लॅपटॉपला दे आणि तिच्यावर घोस्ट चालव. बफर १२८ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद, ५१२ केलास तर १०.७, आणि तेवढ्यात ५० हर्ट्झची अर्धी लाट निघून जाते. लुकअहेड असलेला कुठलाही कम्प्रेसर त्या वाटेवर ठेवू नकोस. लॅपटॉपचा भरवसा नसेल तर साउंडवाल्याला विचार. बेहरिंगर एक्स३२ सारख्या डिजिटल मिक्सरमध्ये चॅनेलच्या कम्प्रेसरला की-सोर्स म्हणून दुसरा चॅनेल देता येतो आणि त्या वाटेवर फिल्टरही असतो. त्याला इतकंच सांग: बेसच्या चॅनेलवर कम्प्रेसर, की ढोलाच्या खर्जाच्या माइकवरून, ३-४ डीबी, आणि रिलीज अमुक लयीला अमुक मिलिसेकंद. आकडा आधी काढून कागदावर लिहून ने. साउंड-चेकच्या गडबडीत भागाकार करायला कोणी थांबत नाही.

साउंड-चेकला मैदान रिकामं असतं आणि लोक आल्यावर आवाज बदलतो, पण खर्ज त्यामानाने कमी बदलतो, म्हणून बेस आणि ढोलाचा हिशेब तेव्हाच पक्का करता येतो. स्टेजसमोर उभा राहून ठरवू नकोस. वर्तुळाच्या कडेला, जिथे दुसऱ्या ढिगाचा आवाज उशिरा पोचतो तिथे जा आणि एक गरबा लावून टाळ्या देत दोन फेऱ्या चाल. पाय ठोक्यावर आपोआप पडत असतील तर रिलीज बरोबर आहे. पाय शोधत असतील तर आधी रिलीज २० मिलिसेकंदांनी कमी करून बघ, मग सबची पातळी २ डीबी उतरव. आणि ट्रॅकचे स्टेम (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल) दुसऱ्या कोणाला द्यायचे असतील तर बेसचा स्टेम निघाल्यावर उघडून बघ. काही सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक एकटा काढला की ट्रिगर बंद पडतो आणि बेस सपाट निघतो. तसं झालं तर घोस्ट ट्रॅक सोबत चालू ठेवून पुन्हा काढ.